बाळ्यासाठी खोली बघायला गेलो तेव्हा

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आणि, खरं सांगतो, निम्मे तरी मनातल्या मनात खोडून काढतो. बारावीचा अभ्यास मी गावी स्मशानालगतच्या खोलीत केला. तिथेही कधी काही दिसलं नाही... त्यामुळे अशा गोष्टींवर माझा विश्वास बसायचं कारणच नव्हतं.

मोबाईलचं इनकमिंग नुकतंच फ्री झालं होतं, त्या सुमाराची गोष्ट. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. नोकरी हिंजवडीत, एका सॉफ्टवेअर कंपनीत, आणि भाड्याची खोली वाकडला. कंपनीच्या बसस्टॉपवर कुत्र्याचं एक पिल्लू सापडलं, ते घरी आणलं. रंगानं तांबूस, डाव्या कानाचा तुकडा गेलेला. नाव ठेवलं बाळ्या.

तेव्हा माझं इंग्रजी फार कच्चं होतं. सोमवारच्या मीटिंगमध्ये जे बोलायचं, ते रविवारी मी बाळ्यासमोर उभा राहून बोलायचो. ऑफिसमध्ये लोक गालात हसायचे. बाळ्या शेवटपर्यंत ऐकायचा. माझी नोकरी टिकली त्यात त्याचा वाटा आहे, असं मी आजही मानतो.

एक दिवस घरमालक दारात आले. "पाव्हणं, तुमची काय तक्रार न्हाय. पन लेक बाळंतपणाला आलीया. म्हैनाअखेरपर्यंत कुत्र्याचं तरी बघा, न्हायतर खोलीचं."

त्यांचंही चूक नव्हतं. मी शोधाशोध सुरू केली. अकरा खोल्या बघितल्या. सगळीकडे तेच, "बॅचलर, आणि वर कुत्रा?" एका गृहस्थांनी तर शांतपणे विचारलं, "तुम्हा दोघांपैकी भांडी कोण घासतं?"

शेवटी नाइलाजानं ठरवलं — रविवारी बाळ्याला मुळशीकडे एका ओळखीच्यांच्या शेतावर सोडायचं. शनिवारी फक्त एक खोली बघायची राहिली होती, कसबा पेठेतली. ऑफिसमधल्या मित्रानं शिकवलं, "कुत्र्याचा विषयच काढू नकोस. किल्ली मिळाली, सामान लागलं, की मग गुपचूप न्यायचा. सगळे तेच करतात." मला ते पटलं. एजंटलाही काही सांगितलं नाही. बाळ्याला शेजारच्या शिंदेवहिनींकडे ठेवलं आणि बसनं निघालो.

साधी चार मजली बिल्डिंग. तिसऱ्या मजल्यावर लेलेबाई, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. मागची खोली त्यांना भाड्यानं द्यायची होती. साडेपाचला बेल वाजवली. बाईंनी दारातच चौकशी सुरू केली. कुठले, शिक्षण किती, येता किती वाजता. मग म्हणाल्या, "प्राणीबिणी?"

"नाही. माझ्याकडे कुत्रा वगैरे काही नाही."

नुसतं प्राणी विचारलं असताना मी कुत्रा म्हणालो, हे माझ्या लक्षातही आलं नाही. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग माझ्या पायाशी.

"मग हा कोणाचा?"

मी वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. जिना खालपर्यंत रिकामा.

"कोण?"

"हा, कान तुटका. तुमच्या पँटला नाक लावून उभाय तो. अहो, जन्म शाळेत गेला माझा. खोटं बोलणारी मुलं पाठमोरी ओळखते." मग जमिनीकडे बघून, मऊ आवाजात म्हणाल्या, "बस रे."

माझे कान तापले. भीती नव्हे, शरम. "माझाच आहे," मी म्हणालो. "बाळ्या."

"मग तसं सांगायचं. एक तारखेला या, दोघंही."

अंगावर काटा आला तो परतीच्या बसमध्ये.

वाकडला पोचलो तर वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गेल्यापासून हा दाराला चिकटून पडलेला. साडेपाचच्या सुमाराला एकदम उठला, शेपटी हलवली... आणि कुणी सांगितल्यासारखा टुणकन बसला. समोर तर नुसती भिंत."

बाळ्या दिवसभर त्यांच्या घराबाहेर गेला नव्हता. मी त्यांना तीनदा विचारलं.

एक तारखेला आम्ही दोघं गेलो. बाईंनी बाळ्याला बघून एवढंच म्हटलं, "आज पट्टा घातलाय होय." पुढची नऊ वर्षं तो तिथेच, त्यांच्या देखरेखीखाली राहिला. सकाळची पहिली पोळी त्याची, दुसरी माझी.

एखादं गल्लीतलं कुत्रं वर आलं असेल म्हणावं, तर मी स्वतः वळून बघितलं होतं. बाईंना एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "मला दिसला, मी सांगितलं. तुम्हाला दिसला नाही, तो तुमचा प्रश्न."

आज बाई नाहीत, बाळ्याही नाही. उत्तर मला मिळालेलं नाही. रुखरुख मात्र वेगळीच आहे. तो खरंच त्या दारात असेल, तर "माझ्याकडे कुत्रा नाही" हे त्यानं ऐकलं असणार. आणि त्या संध्याकाळी मी घरी आलो, तेव्हा रोजच्यासारखाच तो धावत येऊन माझ्या अंगावर चढला होता.