गेटवरचा ताप

टाळेबंदी सैल झाली तशी सिंदीजवळची आमची जिनिंग उघडली. अडून राहिलेला कापूस भर उन्हाळ्यात येऊ लागला आणि त्यातला काडीकचरा वेचायला आम्हा बायांना बोलावणं आलं. मालकानं गेटवर नियमांचा फलक लावला होता. तोंडाला फडकं, हाताला साबण, आणि ताप निघाला तर घरी पाठवायचं, बरं होईपर्यंत रोजी चालू. मनानंच घरी राहिलं तर मात्र रोजी बंद आणि जागा दुसरीला.

ताप पाहायचं यंत्र चौकीदाराच्या हाती होतं. आता आमच्याकडचं ऊन! पायी आलेल्या प्रत्येकीच्या कपाळावर ते ओरडायचं. सगळ्यांना परत पाठवलं तर कापूस कोण वेचणार? मालकानं गेटशी रांजण ठेवला. ताप निघाला की तोंडावर पाणी मारायचं, सावलीत बसायचं, पुन्हा कपाळ दाखवायचं. यंत्र गप्प! आम्हीही खूश होतो.

एका सकाळी माझी धाकटी जाऊ कण्हतच उठली. हात लावला तर चटका बसला.

"घरीच राह्य," मी म्हटलं.

"नाई बाई. गेटवरून वापस पाठवतीन, मंग रोजी तरी भेटन."

गेटवर यंत्र ओरडलं. चौकीदारानं रांजणाकडे बोट दाखवलं.

"दादा, मले खरंच ताप आहे. रातपासून आहे."

"अवं, साऱ्याइलेच निंगते. उन्हाचा आहे थो."

मी भांडले. मालक बाहेर आला आणि म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा. केवढा न्यायी माणूस! शेवटी तिनं पाणी मारलं, आणि ओल्या कपाळावर ते मेलं यंत्र गप्प बसलं. ती आत गेली, खोकत खोकत कापूस वेचत बसली. पुढचे काही दिवस रोज हेच. मग एका दुपारी ती ढिगाशेजारीच आडवी झाली.

तिचा नवरा, माझा दीर, ट्रक चालवायचा, तो बाहेरगावी होता. येता येता त्यानं चौकीदाराला फोन लावला. वर्ध्याच्या दवाखान्यात एकालाच आत सोडत होते, म्हणून तो गेला आणि मी फाटकाबाहेर उभी राहिले. तिथून ती परत आली नाही. शेवटचं तोंडही आम्हाला दाखवलं नाही. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

तेरवी झाल्यावर दीर माझ्याजवळ येऊन बसला.

"बाई, डॉक्टरनं इचारलं, ताप कधीपासून आहे. मी म्हटलं, ताप नाई जी, गेटवर रोज पाह्यते, चौकीदारानं फोनवर तसंच सांगतलं. तं तिच्या तोंडाले नळी होती, बोलता येत नवतं. नुसती मान हलवून राह्यली होती. माहा हात धरून, सारखी." त्यानं डोळे पुसले. "काय सांगत असन वं ते मले?"