शेवटाला ठेवलेले मागणे

१९ जुलै १९२७. मयत नऊ : बायका सात, पुरुष दोन.

ही माणसे कणकुंबीच्या खालच्या अंगाला, मलप्रभेच्या काठी असलेल्या एका लहान गावातली. भाताची रोपे घेऊन ती पलीकडच्या शेतांकडे निघाली होती आणि नदीवरचा साकव मधोमध मोडला. साकव म्हणजे ओंडक्यांवर बांबू बांधून केलेला पायपूल. पूर्वी गाव दर उन्हाळ्यात जंगलातून नवे ओंडके तोडून आणी. जंगल राखीव झाल्यावर परवानगीवाचून फांदीही तोडता येईना. जुन्या ओंडक्यांवर तिसरा पावसाळा आला होता. परवानगी मागण्याची संधी गावाला त्याच वर्षी एप्रिलात मिळाली होती, आणि ती गावातल्याच परशरामाच्या हाती दिलेली होती.

परशराम बेळगावात हरिभाऊ वकिलांच्या घरी राहून शिकला. गणिताने त्याला मॅट्रिकच्या उंबऱ्यावर अडवले. इंग्रजीने कधी दगा दिला नाही. वकिलांच्या पंगतीत रोज एक अवघड इंग्रजी शब्द वाढला जाई, आणि त्याचा अर्थ सांगितल्याखेरीज ताकाची वाटी पुढे येत नसे. 'मॅग्नॅनिमस' म्हणजे थोर मनाचा, 'व्हिसिसिट्यूड' म्हणजे दैवाचे फेरे, 'म्युनिफिसन्स' म्हणजे सढळ दातृत्व. गावी परतल्यावर नांगरामागे चालताना तो हे शब्द बैलांना ऐकवी. त्याला अर्थ ठाऊक होते, यात शंका नाही. पण मोठ्या माणसापुढे बोलायचे कसे, हे त्याला गावाच्या रीतीनेच ठाऊक होते.

ती रीत गाऱ्हाण्याची. रवळू गुरव देवापुढे उभा राहिला की आधी सगळ्या देवतांची नावे, मग देवाची थोरवी, मग गावाची दीन अवस्था आणि अगदी शेवटी मागणे. प्रत्येक वाक्याला गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ देई. देव मध्येच उठून जात नाही. म्हणून मागणे शेवटाला ठेवण्यात गावाला कधी धोका वाटला नव्हता.

जंगलखात्याच्या गोऱ्या साहेबाचा तंबू गावाबाहेर पडला, तेव्हा रवळूने परशरामाला देवळात बोलावले.

"इंग्रजीतलं गाऱ्हाणं तूच घाल. पर शबुद जड घाल रं. हलकं बोललास तर सायेब म्हनंल, गाव भिकारडं हाय."

"काका, असले घालतो की सायबाला बी डिक्शनरी काढाय लागंल."

"आनि ओंडक्याला इंग्रजीत काय म्हंत्यात?" मालुबाईने विचारले. तिची सून, मनुबाई, रोज साकवावरून जात असे.

"लॉग."

"एवढंच?" रवळूचा चेहरा उतरला. "लईच बारका शबुद. त्यो शेवटाला ठेव."

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीवर बसला आणि परशरामाने सुरुवात केली. 'मॅग्नॅनिमस' आला, गाव गरजले, "व्हय म्हाराजा!" 'म्युनिफिसन्स' आला, "व्हय म्हाराजा!" साहेब आधी हसला, मग सावरून बसला. 'व्हिसिसिट्यूड'पाशी त्याने हात वर केला आणि अर्थ विचारला. परशरामाने अचूक सांगितला. साहेबाने स्वतःचा एक शब्द टाकला, मग त्याहून अवघड दुसरा. परशराम एकेक उत्तर देत गेला. आयुष्यात प्रथमच कोणी त्याची परीक्षा घेत होते आणि तो नापास होत नव्हता.

"आरं, लाकडाचं इचार की!" मालुबाई मागून म्हणाली.

"आक्का, गप ऱ्हा. सायेब रंगात आलाय. आत्ता मागितलं तर बेरंग हुईल."

साहेबाने घड्याळ पाहिले. असा माणूस नांगरामागे असू नये, असे म्हणून त्याने परशरामाला बेळगावच्या कचेरीत कारकुनाची जागा देऊ केली आणि घोड्यावर बसून तो निघून गेला. ओंडके परशरामाच्या तोंडातच राहिले.

"आता तूच सायेब," रवळू म्हणाला. "लाकूड घरातच आलं म्हन."

"पावसाच्या आदी आलं म्हंजे झालं," मालुबाई म्हणाली.

जूनमध्ये परशराम कचेरीत रुजू झाला. नव्या माणसाने लगेच हात पसरणे बरे दिसत नाही, आधी हेडक्लार्कची मर्जी संपादावी, असे त्याने ठरवले. मागणे पुन्हा शेवटाला गेले. साकव मोडल्याची बातमी त्याला कचेरीतच कळली. मृतांत मालुबाईची सून मनुबाई होती.

तो तसाच साहेबापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "सर, आमची माणसं बुडाली. आम्हाला ओंडके हवेत." त्या वाक्यांत एकही अवघड शब्द नव्हता. पण ऐकणारा साहेब नवा होता. एप्रिलातला बदलून गेला होता. नव्या साहेबाने सांगितले, रीतसर अर्ज करा, चौकशी होईल.

परशराम गावी पोचला तेव्हा मालुबाईने आपल्या परसातला फणस साकवासाठी तोडून दिला होता. तो तिचा स्वतःचा असल्याने त्याला परवानगी लागत नव्हती. परशराम अंगणात उभा राहिला.

"हुबा का? बस. पेज घे," ती म्हणाली.

"आक्का, फणसाची भरपाई खात्याकडनं मिळवून देतो."

"दे. पर या बारीला आदी माग, मग बाकीचं बोल."

तो नोकरीत राहिला. त्यानंतर त्याने जे जे मागितले, ते पहिल्या वाक्यात आणि साध्या शब्दांत मागितले. फणसाची भरपाई तर दर नव्या अधिकाऱ्याकडे. मालुबाई १९४१ साली वारली. परशराम १९४७ साली निवृत्त झाला. साकवासाठी सरकारी लाकूड तोवर मिळाले नव्हते. फणसाची भरपाई अद्याप कोणी दिलेली नाही.