हादरेसरांची फळी

आमचे सर माणसाशी बोलायचे ते त्याच्या पोटऱ्यांकडे बघून. माणसाला वर चेहरा असतो आणि तोही अधूनमधून काही सांगत असतो, हे शरीरक्रियाशास्त्राच्या या प्राध्यापकांच्या गावीही नव्हतं. मी त्यांच्या हाताखाली एम.डी.ला दाखल झाले तेव्हा माझ्या नमस्काराकडे न बघता त्यांनी विचारलं, "उभं राहायची सवय आहे का?" मला वाटलं, काम खूप असेल. तसं काही नव्हतं. त्यांना फळीवर चढवायला आणखी दोन पाय मिळाले होते, इतकंच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीकडच्या आमच्या कॉलेजात मुलं त्यांना हादरेसर म्हणत. खरं आडनाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त दारावरच्या पाटीवर उरलं होतं. साखर कारखान्यात साखर चाळायची मोठी हलती चाळणी असते, तिच्या धर्तीवर एका फिटरकडून सरांनी मोटर लावलेली फळी करून घेतली होती. तिच्यावर गुडघे वाकवून अर्ध्या बैठकीत उभं राहायचं. मोटर सुरू झाली की टाचांपासून दातांपर्यंत सगळं थरथरायला लागे. छातीला एक रबरी नळी बांधलेली असे. श्वास घेतला की शेजारच्या फिरत्या ढोलावर, काजळी धरलेल्या कागदावर, एक सुई रेघ ओढी. बटण माझ्या हातात. ते दाबलं की मोटर सुरू होई आणि खालची दुसरी सुई एक खूण करी, म्हणजे फळी नेमकी कुठे हलू लागली ते कागदावर कळे.

"बोलतो स्नायू, ऐकतो मेंदू," हे सरांचं ब्रीद. पायांचे स्नायू हलले की त्यांचा निरोप मेंदूला जातो, आणि शरीराला जास्त हवेची गरज पडायच्या आतच मेंदू श्वास वाढवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. कल्पना टाकाऊ नव्हती, हे मी आजही मान्य करते. टाकाऊ होती ती सरांची खात्री. हे वाक्य त्यांनी वर्गात म्हणावं हे ठीक. पण एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात स्टेजवर चढून, नवरदेवाचा दंड चाचपत त्यांनी ते म्हटलं, तेव्हा वधूपिता आहेराचं पाकीट हातात धरून नुसता बघत राहिला. सर मात्र खूश होऊन पंगतीला बसले.

फळीवरच्या माणसानं तोंड उघडायचं नाही, हा सरांचा कडक नियम होता. बोललं की श्वासाची रेघ बिघडते. नियम प्रयोगापुरता योग्यच होता, पण सरांना तो इतका सोयीचा वाटला की त्यांनी तो प्रयोगाआधी आणि प्रयोगानंतरही चालू ठेवला. माणसाचं गाव कुठलं, तो जेवून आलाय का, काल झोपला होता का, यातलं काही विचारायचं नाही. आला, चढला, हादरला, उतरला.

पहिल्यांदा आष्ट्याच्या तालमीतले पैलवान आले. त्यांतला बाळू पैलवान फळीवर उभा राहिला आणि थोड्या वेळानं त्याचे डोळे मिटले. श्वास वाढायचा सोडून आणखी संथ झाला. उतरल्यावर तो मला म्हणाला, "आवं बाई, लय ग्वाड वाटतंय. पाळण्यात घालून झुलवल्यागत. उद्याबी येऊ का?" सरांनी ती काजळीच्या कागदाची फीत माझ्या हातातून घेतली आणि टराटरा फाडली. "पैलवानाला मेंदूच नसतो, ऐकणार कोण?" हे वाक्य त्यांनी माझ्या प्रबंधातही सभ्य भाषेत घालायला लावलं. पैलवान प्रयोगाला अपात्र ठरले. सिद्धांताला नकार देणारा प्रत्येक जण सरांच्या लेखी अपात्रच असे.

मग अनुसया आली. नर्सिंगची विद्यार्थिनी, कोयनानगरच्या बाजूची, अंगानं काटकुळी. बटण दाबताच तिची रेघ अशी काही उसळली की सर खुर्चीतून उठलेच. "काय बोलके स्नायू आहेत!" ते तिच्या पोटऱ्यांना म्हणाले. तिच्या भागातल्या आणखी चारपाच मुली नर्सिंगला होत्या. त्याही आल्या, त्यांच्याही रेघा उसळल्या. सरांनी त्यावर लगेच नवा सिद्धांत मांडला: घाट चढून-उतरून या भागातल्या बायकांचे स्नायू जास्त जागे असतात. माझा अख्खा प्रबंध आता या मुलींच्या श्वासावर उभा राहणार होता, आणि त्यावर सरांची सही हवी होती.

एकदा अनुसयाच्या छातीची नळी सोडताना माझा हात तिच्या हाताला लागला. बर्फासारखा गार होता. ओठ कोरडे पडले होते. सर बाहेर गेले होते, म्हणून मी विचारलं, "काय होतंय गं?"

"काय न्हाई, बाई. फळी थांबली तरी पायाखालचं थांबत न्हाई."

मग ती हळूहळू बोलली. कोयनेच्या भूकंपाला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. पहाटे घर कोसळलं आणि ती धाकट्या बहिणीसकट वाशांखाली सापडली. "सकाळी मला काढली. ती माज्या हातातच व्हती. तवापास्नं जरा कुटं हाललं की मला श्वासच पुरत न्हाई. फळीवर चढले की त्या रातीला झोपच येत न्हाई. समद्याच पोरींचं असंच हाय."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"सरच म्हणले ना, बोलायचं न्हाई."

मला इतका संताप आला की तशीच सरांच्या खोलीत गेले. या मुलींचे स्नायू बोलत नाहीत, त्या घाबरतात, हे मी त्यांना सांगितलं. अनुसयाला पुन्हा फळीवर चढवू नका, असंही म्हटलं. सरांनी चष्मा पुसला. "भीती? ती कुठल्या स्नायूत असते, दाखवा मला." मग शांतपणे म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मुंबईहून पाहुणे येतायत. त्यांच्यासमोर हीच मुलगी उभी राहील, दुप्पट वेळ. तुम्हाला सही हवी आहे ना, बाई?"

घर पडलेल्या पोरीला रोज नव्यानं घर पाडून दाखवायचं आणि त्याला विज्ञान म्हणायचं! इतका कोता माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि त्यानंतरही फारसे पाहिले नाहीत.

पाहुण्यांच्या दिवशी मी अनुसयाला वॉर्डातच थांबायला सांगितलं. प्रयोगशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. मुंबईचे वयस्क प्राध्यापक पुढच्या रांगेत होते, मागे आमचं सगळं कॉलेज. सरांनी दिमाखात हाक मारली, "चला, मुलीला बोलवा."

"ती येणार नाही, सर," मी म्हटलं. "मीच नको म्हटलंय तिला."

सर माझ्या पोटऱ्यांकडे बघत राहिले. पाहुणे मात्र सहज म्हणाले, "अहो, त्यात काय! तुम्हीच उभे राहा की, प्रोफेसर. फळी तुमची, स्नायू तुमचे."

सर त्या फळीवर कधीही चढले नव्हते. गुडघ्याचं निमित्त असे. आज निमित्त सांगायची सोय नव्हती. ते चढले, गुडघे वाकवले. मी त्यांच्या छातीला नळी बांधली. कोटाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. ढोल फिरू लागला, रेघ सरळ चालली होती. तेवढ्यात सरांनी मान वर करून पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या देखत त्यांनी एखाद्या माणसाच्या चेहऱ्याकडे पहिल्यांदाच पाहिलं असेल. पाहुणे हसत होते.

सुई उसळली. एक उंच रेघ, दुसरी त्याहून उंच. सरांचे पाय लटपटत होते, कपाळावर घाम आला होता आणि श्वास धापेवर गेला होता. फळी सुरू झाली असं त्यांना वाटत होतं. मी अजून बटण दाबलंच नव्हतं.

ते लक्षात आल्यावर मी दाबलं. सर उतरले ते धापा टाकतच, पण विजयी मुद्रेनं. "पाहिलंत? बोलतो स्नायू!" पाहुण्यांनी फितीवर वाकून नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "छान, छान. चहा घेऊ या का?"

स्वतःचीच इतकी सुरेख फीत मिळाल्यावर सरांना आणखी कुणाची गरज उरली नाही. अनुसया आणि तिच्या मैत्रिणी सुटल्या. मला सही मिळाली नाही, हे सांगायला नकोच. दुसऱ्या प्राध्यापकांकडे नवा विषय घेऊन मी उशिरानं पास झाले आणि साताऱ्याला दवाखाना काढला. पेशंट दम लागतो म्हणून आला की मी आधी खुर्ची देते, काय झालं ते विचारते आणि मगच छातीला नळी लावते. ही सवय मला सरांमुळे लागली, म्हणून एवढ्यापुरतं त्यांचं ऋण मानते.

बऱ्याच वर्षांनी सर गेले. मी शोकसभेला गेले; का गेले ते मलाही सांगता येणार नाही. टेबलावर त्यांचा हार घातलेला फोटो होता, आणि शेजारी काचेच्या चौकटीत ती फीत. सर जाईपर्यंत ती त्यांच्या खोलीत भिंतीवर होती म्हणे. एक तरुण प्राध्यापक गहिवरून सांगत होता की सरांनी स्वतःच्या शरीरावर प्रयोग केला. लोकांनी माना डोलावल्या.

मी जवळ जाऊन पाहिलं. वरची रेघ उंच चढलेली होती, आणि बटणाची खूण त्यानंतर, चांगली चार बोटं पुढे. मला रडू आलं, आणि या माणसासाठी रडू यावं याची चीडही आली. इतकी वर्षं ती फीत भिंतीवर होती, कित्येक वर्ग तिच्यासमोरून शिकून गेले; पण फळी हलायच्या आधीच तुम्ही इतके कशाला घाबरलात हो, असं सरांना कुणी एकदाही विचारलं नव्हतं.