कुवेतवालीची कंबर

कंबर हलवली की जगातली कुठलीही अडचण सुटते, असं मनापासून मानणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती अमळनेरला आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहायची. माहेर दोंडाईचाचं, नवरा कुवेतला वेल्डर. तिकडे लढाई पेटली तेव्हा दोघं घाईघाईने परत आली. बरोबर दोन बॅगा, एक टेपरेकॉर्डर आणि एकच कॅसेट. बाईला नाव होतं, पण गल्ली तिला कुवेतवालीच म्हणायची, मीही म्हणायचे.

नळावर हंडा भरेपर्यंत तिची कंबर गोल फिरायची. रॉकेलच्या रांगेत डावी-उजवीकडे. एसटीची वाट बघताना ती नुसतं पोट हलवायची. वरची बाई स्थिर, खालची स्थिर, मधून मात्र लाट गेल्यासारखी. एका कंडक्टरने विचारलं होतं, "ताई, बरं वाटत नाही का?" घरात नाचताना ती कंबरेला ओढणी बांधायची. तिकडच्या ओढणीला चकत्या होत्या म्हणे, पण ती तिकडेच राहिली. मग हिने पोळ्याच्या बाजारातून बैलाची घुंगरं आणली आणि जुन्या ओढणीला शिवली. आमच्याकडे आलेल्या व्याह्यांनी चहा पिता पिता विचारलं, समोरच्यांनी बैल घरात बांधलाय का. मी हो म्हणाले. सांगत कुठे बसू?

पण मला राहवेना. असला नाच मी फक्त सिनेमात पाहिला होता, गुंडांच्या अड्ड्यावर. एका दुपारी सरळ तिच्या घरात शिरले. "व बाई, हाई काय शे? आनि बघनारी मानसं कोठे बठतस?"

"मानसं नसतसच अक्का," ती म्हणाली. तिकडच्या शेजारणीने तिला हे शिकवलं होतं. ती मिसर देशातली, म्हणजे इजिप्तची. त्यांच्यात लग्नाला, बारशाला बायका दार लावून नाचतात, आजीपासून नातीपर्यंत. स्टेजवर नाचणाऱ्या वेगळ्या. "आपली फुगडी कसी शे? तसीच गोट."

"फुगडीमा पोट झाकेल ऱ्हास."

"मंग तू झाकीसन नाच."

मला नाचायचं नव्हतंच. मला मांडे करायचा माझा पाट सोडायचा नव्हता. श्रावणात कानबाई देवीच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याच्या जेवणाला, सगळे भाऊबंद जमतात, आणि पुरणाचे मांडे मी लग्न होऊन आले तेव्हापासून करत होते. मांडा हातांवर पसरून झाला की बसल्या जागी कंबरेतून वळायचं आणि उपड्या खापरावर टाकायचा. माझी कंबर लाकूड झाली होती. आदल्या वर्षी तीन मांडे दुमडून पडले, तेव्हा थोरली जाऊ सगळ्यांदेखत म्हणाली, "आते सूनले बसू दे व." सून माझी चांगली आहे. तिचे मांडे चांगले नाहीत.

आषाढभर मी रोज दुपारी समोर जात होते. ती माझ्या डोक्यावर पाण्याचा पेला ठेवायची आणि म्हणायची, खांदे सोड, फक्त कंबर फिरव. आठ दिवस मी नखशिखान्त भिजले. "अक्का, तुनं बठ्ठं आंग हाली ऱ्हायनं, फक्त कंबर सोडीसन," ती म्हणाली. मी पेला आपटून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले. पोट आत जातं ते कुठे जातं, मधे हाडं असतात की नसतात, मी तिला सगळं विचारायचे. ती माझाच हात माझ्या पोटावर ठेवायची. "याले इचार." हळूहळू कंबर सुटली. मजाही यायला लागली, पण ते मी घरी सांगितलं नाही.

कॅसेटच्या शेवटी गाणं संपल्यावर एक बाई मोठ्याने हसायची. ती मिसरवाली शेजारीण. टेप करताना तिचं हसू आत राहून गेलं होतं. लढाईत ती कुठे गेली, कुवेतवालीला ठाऊक नव्हतं. एरवी तोंड बंद नसलेली ही बाई, ते हसू झालं की थोडा वेळ बोलायची नाही.

कानबाईच्या दिवशी मी पाटावर बसले. सून शेजारी उभीच. पहिला मांडा दुमडून पडला. जावेने सुनेकडे पाहिलं. तेवढ्यात दारात घुंगरं वाजली. कुवेतवाली ओढणी बांधून भरल्या घरात आली होती.

"अक्का, खांदे सोड."

मी सोडले. दुसरा मांडा सपाट पडला. तिसराही. मग कुणी मोजले नाहीत.

"हाई घुंगरंवाली कोन शे?" जावेने विचारलं.

"मनी सोतानी मास्तरीन," मी म्हटलं.

दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याला मस्कतला काम मिळालं. निघताना ती ओढणी माझ्या गळ्यात टाकून गेली, मी नको म्हणत असताना. त्याआधी तिने कॅसेट पार शेवटपर्यंत नेली, ते हसू होऊ दिलं आणि टेप करायचं लाल बटण दाबलं. "अक्का, काही बोल." मी म्हटलं, "येळवर जेवत जाय." एवढंच.

एक पत्र आलं, मग नाही. पाटावर आता सून बसते, मीच बसवली. तिचे खांदे वर चढले की मी मागे बसून घुंगरं वाजवते.

तिकडे कुठल्यातरी खोलीत ती कॅसेट संपत असेल तर आधी मिसरवाली हसते आणि मग मी जेवायला सांगते. त्यानंतर कुवेतवाली काही बोलते की गप्प बसते, ते मला इथे कसं कळणार?