वंशावळीतली आत्या

शिंगाडे उकडल्याचा वास आला की मला आजोबांचं गाव, नवेगाव बांध आठवतं. एका दूरच्या नातेवाइकाने इंटरनेटवर टाकलेल्या आमच्या वंशावळीत आजोबांची धाकटी बहीण लहानपणीच वारल्याचं लिहिलं होतं. आजोबांनी गाव लवकर सोडलेलं, त्यामुळे वडिलांना काही ठाऊक नव्हतं. खात्री करायला वडील आणि मी तिथे गेलो आणि तळ्याकाठच्या एका अंगणात शिंगाडे उकडणाऱ्या म्हातारीला, आजोबांच्या बहिणीचं नाव घेऊन, ती लहानपणीच वारली का असं विचारलं. "मीच होय ते! मले कोन मारून राह्यला?" म्हणत ती खो खो हसली. वडिलांनी कोण ते सांगताच तिने त्यांना उराशी धरलं, "इतके दिवस काऊन नाही आला रे बाबू?" जन्मात पहिल्यांदाच सख्खी आत्या मिळालेले वडील दिवसभर उगाचच "आत्या, आत्या" करत राहिले. तिची मुलं, नातवंडं, पतवंडं विचारून विचारून मी अजून वंशावळीत भरतेच आहे.