फलकावर नसलेला पर्यटनमंत्री

“दिल्लीत केंद्रीय पर्यटनमंत्र्यांच्या दालनाबाहेर पूर्वीच्या सर्व मंत्र्यांच्या नावांचा लाकडी फलक होता. एकदा एक माजी मंत्री तेथे आले. त्यांनी तो फलक वरपासून खालपर्यंत वाचला, आणि त्यात आपले नाव नाही हे पाहून चहाही न घेता निघून गेले. नव्या साहेबांची मर्जी राखण्यासाठी ते नाव आपल्या रायपूरच्याच एका बाबूने गाळले होते.”

आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेच्या कच्च्या प्रतीत हा मजकूर जसाच्या तसा आहे. सांगणारे माझे व्याही आहेत आणि त्यातला बाबू मी आहे. नाव घातलेले नाही, पण या शहरातून दिल्लीच्या त्या कार्यालयात गेलेले आम्ही दोघेच. मी वरच्या मजल्यावर मंत्र्यांच्या खाजगी कार्यालयात होतो, व्याही तळमजल्यावर आवक-जावक विभागात. तेव्हा उरलेला बाबू कोण, हे मंडळातल्या कोणालाही कळेल.

ही गोष्ट ते गेली कित्येक वर्षे लग्नाच्या पंगतींत सांगत आले आणि मी कित्येक वर्षे ताटाकडे पाहत ऐकत आलो. पंगतीतले बोलणे हवेत विरते. छापलेले विरत नाही. शिवाय ही स्मरणिका तयार करणारी मुलगी आमची नात आहे, माझ्या मुलाची आणि त्यांच्या मुलीची. नवा रायपूरच्या नोकरीतून घरी आली की ती स्मरणिकेची पाने लावते. तिच्या हातून, तिच्या आजोबाने मर्जीसाठी सरकारी नोंद खोटी केली, असे छापले जाणार असेल, तर मला गप्प बसता येत नाही.

आधी त्या पदाविषयी, कारण गैरसमजाचे मूळ तेथे आहे. लोकांना वाटते, पर्यटनमंत्री म्हणजे कायमची एक खुर्ची आणि तिच्यावर एकामागून एक बसलेली माणसे. तसे कधीच नव्हते. पर्यटन हा आधी वाहतूक खात्याचा एक कोपरा होता. मग ते विमान वाहतुकीच्या जोडीला गेले, पुढे कधी स्वतंत्र झाले, कधी संस्कृतीशी बांधले गेले, पुन्हा सुटे झाले. मंत्रिमंडळ बनवताना मोठी खाती आधी वाटली जात आणि हे खाते पुष्कळदा शेवटी उरे. एखाद्या मंत्र्याने मध्येच राजीनामा दिला, की ते दुसऱ्या एखाद्या वजनदार मंत्र्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून जाई. असा मंत्री आपल्या मूळ खात्याच्या इमारतीतच बसे. फायली त्याच्याकडे जात, तो आमच्याकडे येत नसे.

फलकाची पद्धतही सांगतो. कार्यरत मंत्र्याचे नाव आम्ही फलकावर लिहीत नसू. मंत्री गेला, की रंगारी येई आणि पिवळ्या रंगात एक ओळ वाढवी. अतिरिक्त कार्यभार असो वा पूर्ण, अवधी वर्षांचा असो वा आठवड्यांचा, ओळ सर्वांना सारखीच मिळे. ती यादी मी करत असे. तिच्यातले एकही नाव मी कोणाच्या सांगण्यावरून घातले नाही की काढले नाही.

आता प्रसंग. मंत्री आले, त्यांनी फलक वाचला, त्यावर त्यांचे नाव नव्हते आणि ते चहा न घेता गेले. हे सगळे खरे आहे. व्याही खोटारडे आहेत असे माझे म्हणणे नाही. ते घाईचे आहेत. त्या दिवशीही ते घाईतच होते. मंत्रिमंडळात फेरबदल होणार, पर्यटन नव्या मंत्र्याकडे जाणार, हे सकाळच्या वर्तमानपत्रात आले होते. शपथविधी संध्याकाळी होता; तोवर खाते अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्या जुन्याच मंत्र्यांकडे होते. पण तळमजल्यावर व्याह्यांनी चहाच्याही आधी प्रवेशद्वाराजवळची मंत्र्यांच्या नावाची पाटी उतरवून कपाटात ठेवली. त्यांच्या लेखी ते गृहस्थ तेव्हाच माजी झाले, आणि आजतागायत आहेत.

दुपारी तेच मंत्री आले. कार्यभाराच्या त्या काही आठवड्यांत आमच्याकडे त्यांची ती पहिलीच खेप. मला हिंदीत म्हणाले, “म्हटलं, एकदा येऊन बघावं तरी, मी कशाचा मंत्री आहे.” फलकापाशी थांबले, तो सावकाश वाचला आणि माझ्याकडे वळले. मी पद्धत सांगितली. ते मोठ्याने हसले. “यानी हम अभी ज़िंदा हैं!” चहा मागवला होता, पण त्यांना बोलावणे आले आणि ते उठले. त्याच आठवड्यात रंगारी येऊन त्यांची ओळ लिहून गेला. ती माझ्या व्याह्यांनी पाहिली नाही, कारण लिफ्ट असूनही ते कधी वर येत नसत.

गेल्या रविवारी सदर बाजारामागच्या मंडळाच्या सभागृहात नातीसह आम्ही तिघे बसलो. मी हे सगळे शांतपणे सांगितले.

“काहून इतके तापून राहिले, व्याहीबुवा?” व्याही म्हणाले. “लोकं हसतात, तुमचीच आठवण निघते.”

“हसण्यासाठी तुमच्याजवळ स्वतःचे किस्से कमी आहेत का? ती पाटी कोणी उतरवली होती?”

“ते पाटी-बिटी सोडा. ते हसले, हे ऐकलं कोणं? तुम्हीच. अन् रंगारी आला, हे पाह्यलं कोणं? तुम्हीच. मले तर ते तोंड पाडून बाहेर जाताना दिसले, बाप्पा.”

“तुम्हाला तोंड दिसले कसे? तुमच्या टेबलावरून फाटकाकडे जाणाऱ्याची पाठच दिसते.”

“पाठीवरूनही माणूस समजते.”

नात हसू दाबत होती. “आबा, नाना, बस करो दोनो,” ती म्हणाली. “तो बोर्ड आता आहे का तिथे? फोटो मिळाला तर विषयच संपतो.”

फलक नाही. कार्यालयाच्या नूतनीकरणात तो उतरवला गेला आणि कोठे गेला, हे सांगणारे कोणी नाही. मी तसे स्पष्ट सांगितले. आपल्या बाजूची उणीव लपवण्याची मला सवय नाही.

“हव, मग झालं की!” व्याही खुर्चीत मागे रेलले. “जसं आहे तसं छापून टाक, बेटा.”

तिने वही मिटली नाही. दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि माझ्याजवळ खुर्ची ओढली. “आबा, ते हसले की रागावले, त्यावर मी काहीच छापू शकत नाही. नानांनी स्वतः पाहिलेली अशी एखादी पक्की गोष्ट आहे का, जी ते नाही म्हणणार नाहीत? एकच सांगा. ती असेल तर हा पूरा पॅरा मी काढते.”

मी व्याह्यांकडे पाहिले. ते छताच्या पंख्याकडे पाहत होते. ते विसरले नव्हते, हे मला तेव्हा कळले.

मी तिला लिहून घ्यायला सांगितले. त्या दुपारी, फलक वाचून झाल्यावर, ते मंत्री दालनात जाऊन खुर्चीवर बसले आणि पर्यटनस्थळांवरच्या वाटाड्यांना ओळखपत्रे देण्याच्या आदेशावर त्यांनी पर्यटनमंत्री म्हणून सही केली. तो आदेश मी स्वतः खाली नेला, आणि त्याच तारखेचा जावक क्रमांक आपल्या हाताने घालून शपथविधीच्या आधी तो रवाना केला माझ्या व्याह्यांनी.