चालूच ठेवलेला खेळ

आमच्या मावशीवर जो ठपका बसला, तो खरं तर माझा होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मावशी आता नाही, त्यामुळे आता सांगून तिचं काही भलं होणार नाही. तरी सांगते.

छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. रायपुरातल्याच तात्यापारा मोहल्ल्यात आम्ही चौघं राहत होतो. रेल्वेतून रिटायर झालेले वडील, आई, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा दादा आणि मी. मी एका सरकारी दफ्तरात टायपिंग करायची. दादा घरीच असायचा, कारण त्याचे डोळे जात होते. डोळ्याच्या पडद्याचा आजार. आधी कडेचं दिसणं जातं, मग अंधार आत आत सरकत येतो. तेव्हा त्याला नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. समोरचा ग्लास दिसायचा, शेजारची वाटी नाही. मधलंही राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. कधी जाईल, ते मात्र त्यांनाही सांगता येत नव्हतं.

लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. त्यातला दादाचा लाडका खेळ एकच. चिलखत घातलेला एकटा अंतराळवीर परक्या ग्रहाच्या पोटात उतरतो, भुयारांमागून भुयारं पार करतो, वाटेत हत्यारं मिळवतो आणि तळाशी बसलेल्या शत्रूला मारतो. खेळात नकाशा नव्हता. दादानं तो रेल्वेच्या रद्दी फॉर्मांच्या पाठीवर स्वतः काढला होता. पुढे फॉर्म रद्दीत गेले, नकाशा त्याच्या डोक्यात राहिला. मग टीव्हीच त्याच्या नजरेत मावेनासा झाला. शत्रू कुठून आला ते मेल्यावर कळायचं. त्यानं खेळणं सोडून दिलं.

तोच खेळ नव्यानं बनवलाय आणि तो हातात धरायच्या यंत्रावर आलाय, ही बातमी त्याच्या एका मित्रानं आणली, आणि मागोमाग यंत्रही. यंत्र वापरलेलं, कॅसेट नकली. पडदा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, पण आतून उजळलेला. तो अख्खा दादाच्या उरलेल्या नजरेत बसला. पहिल्या दिवशी खेळता खेळता तो मोठ्यानं हसला. आमच्या घरात वर्षभरात तसं कुणी हसलं नव्हतं.

भुयारं होती तिथेच होती. मात्र जुना खेळ जिथे संपायचा, तिथून पुढे या नव्यात आणखी एक भाग होता म्हणे. त्यात चिलखत जातं, हत्यारं जातात आणि रिकाम्या हातानं लपतछपत बाहेर पडायचं असतं. तो भाग आपल्या डोळ्यांनी पाहायचा, एवढंच दादाला हवं होतं. “मंग गेले त गेले डोळे,” तो म्हणायचा. आई उठून आत निघून जायची.

नकली कॅसेटमुळे एक भानगड होती. यंत्र चालू असेपर्यंत मेलं तरी मागच्या थांब्यावरून पुन्हा खेळता यायचं. यंत्र बंद पडलं की सगळं पुसून पहिल्यापासून. दुकानदारानं मित्राला आधीच बजावलं होतं, “सेव नहीं होगा भैया, चालू रखना.” दुसऱ्या कुठल्या गावात हे जमलं नसतं, पण राज्य झाल्यापासून रायपूरची लाइट जात नव्हती. आमची त्याची मिजासही होती. दादानं यंत्र चार्जरला लावून देवघराशेजारच्या फळीवर ठेवलं, आणि ते कित्येक दिवस बंद झालंच नाही. थकला की तो खेळ थांबवून ठेवायचा, डोळ्यांना पाणी लावायचा आणि पुन्हा बसायचा.

याच लाइटीसाठी मावशी दर उन्हाळ्यात यवतमाळकडच्या खेड्यातून आमच्याकडे यायची. तिकडे भारनियमनानं लोकांचा जीव मेटाकुटीला आलेला. लाइट आली की मिळेल त्या सॉकेटात इमर्जन्सी बत्ती खुपसायची, हे तिच्या हाताला इतकं बसलं होतं की इथे येतानाही बत्ती सोबत आणायची. “आता हाय, मंग नसंन,” म्हणायची. आम्ही हसायचो.

त्या उन्हाळ्यातही ती आली, आणि त्याच आठवड्यात तेलीबांधा भागातल्या स्थळाकडून मला नकार आला. मुलगा मला आवडला होता. मध्यस्थानं आडपडदा ठेवला नाही, “भाई को जो है, कल बच्चों को भी हो सकता है.” दादानं ऐकलं आणि मान खाली घालून खेळत राहिला. मला त्याचा असा संताप आला! माझं लग्न मोडलं आणि याला भुयारांची पडलीय. त्याच्या जागी मी तरी दुसरं काय केलं असतं, हा विचार तेव्हा शिवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील दादाला डॉक्टरकडे घेऊन गेले. मी डबा भरून निघाले, तर मावशीनं दादाच्या चार्जरची पिन काढून तिथे आपली बत्ती लावलेली. यंत्राच्या कडेचा बारीक दिवा हिरव्याचा लाल झाला होता. मी तो पाहिला. लाल म्हणजे बॅटरी संपत आली, हेही मला ठाऊक होतं. मी चपला घातल्या आणि दफ्तराला गेले.

संध्याकाळी परतले तेव्हा यंत्र बंद पडलेलं होतं आणि वडील मावशीवर ओरडत होते. मावशी रडत होती, “मले का माहीत बाप्पा! मले वाटलं खेळणं होय.” दादा तिलाच समजावत होता, “जाऊ दे ना मावशी, काहून रडून राहिली?” तो शेवटच्या लढाईपर्यंत पोचला होता. मी मूग गिळून बसले. तिसऱ्या दिवशी मावशी भर मे महिन्यात, पंखा नसलेल्या घरात परत गेली. त्यानंतर ती आमच्याकडे कधी आली नाही.

दादानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पण आता मधलंही विझत चाललं होतं. शेवटी त्यानं यंत्र माझ्या हातात दिलं. “तूच खेळ. मी सांगून राहिलो ना.” आणि तो सांगत गेला. डावीकडे वळ, वर उडी मार, ही भिंत फोड, मागं वाट आहे. दिवाळीपर्यंत आम्ही जुन्या खेळाइतका भाग संपवला. “आता पुढचं मले माहीत नाही,” तो म्हणाला. “आता तू सांग.”

मला ते जमेना. रिकाम्या हातानं मी पुनःपुन्हा त्याच वळणावर मरत होते. असे दोन आठवडे गेले. एका रविवारी दुपारी माझा धीर सुटला. मी म्हटलं, “झालं दादा! सुटला तो.”

त्यानं तोंड माझ्याकडे वळवलं. “काय दिसते?”

मी सांगितलं. यान वर चाललंय, ग्रह खाली लहान होतोय, चहूकडे तारे.

“लई तारे?”

“लई.”

 तो माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाला, “बंद कर आता.”

मी बटण दाबलं. खोली एकदम शांत झाली, आणि मी बोलत होते तेवढा वेळ काय वाजत होतं ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हरल्यावर वाजते ती, जुन्या खेळातलीच धून. दादाला ती दहाव्या वर्षापासून पाठ होती.